एकट्यासाठी स्लो कुकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात एकटी राहते, दीड लिटरचा छोटा स्लो कुकर वापरते, आणि ओळखीतून-ओळखीतून लोक मला जे विचारतात ते फिरून फिरून तेच असतं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. निम्मे प्रश्न इथल्यांचे, निम्मे बाहेर शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांचे. क्रमाने वाचायची गरज नाही, हवं ते वाचा, फक्त राजम्याचा प्रश्न कुणीही गाळू नका.

स्लो कुकर म्हणजे काय? राइस कुकरच ना तो?

नाही हो. आत चिनी मातीचं जाडजूड भांडं, बाहेर विजेवर तापणारं कवच, वर काचेचं झाकण, एवढंच यंत्र. राइस कुकर पाणी आटलं की आपोआप बंद पडतो, हा मात्र तुम्ही सांगाल तितके तास मंद तापत बसतो. बटणं साधारण तीन, लो, हाय आणि वॉर्म. लोकांना वाटतं लो म्हणजे कमी तापमान, पण बहुतेक कुकरांत लो आणि हाय दोन्ही शेवटी उकळीच्या जवळपासच पोचतात, हाय लवकर पोचतो, लो सावकाश. वॉर्मवर काही शिजत नाही, तिथे शिजलेलं फक्त गरम राहतं.

हे आलं कुठून?

अमेरिकेतून. अर्विंग नॅक्सन नावाच्या माणसाने १९३६ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९४० मध्ये ते मिळालं. त्याची आई लिथुआनियातली, ज्यू लोक शनिवारी चूल पेटवत नाहीत म्हणून शुक्रवारीच कडधान्य आणि मांसाचं भांडं गावातल्या भट्टीत ठेवून यायचे, ती रात्रभर भट्टी निवत जायची आणि हे आत शिजत राहायचं, ती गोष्ट आईकडून ऐकून त्याला हे सुचलं. पुढे १९७१ मध्ये रायव्हल कंपनीने तेच क्रॉक-पॉट नावाने बाजारात आणलं आणि मग अमेरिकेत घराघरात गेलं.

पण एकट्या माणसाने सकाळी भांडं लावून कामावर जायचं ही आयडिया आपल्याकडेही जुनीच आहे. १९१० च्या सुमारास बंगालमधल्या इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर काढला, खाली कोळसा आणि वर एकावर एक डबे. घरातल्या ऐंशीच्या पुढच्या कुणाला तरी विचारून बघा, नाव काढल्यावर चेहरा उजळतो की नाही.

प्रेशर कुकर असताना हा कशाला घ्यायचा?

रोजच्या वरण-भातासाठी अजिबात घेऊ नका. तुरीची डाळ प्रेशर कुकरात तीन-चार शिट्ट्यांत होते, आत तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, त्याच्याशी स्लो कुकरची बरोबरी होणारच नाही. भात पण नको, एका माणसाचा भात यात चिकट गोळा होतो.

मग उपयोग कुठे? जिथे लक्ष द्यायला कुणी नाही तिथे. एकट्याच्या घरात शिट्ट्या मोजायला दुसरं माणूस नसतं, तुम्ही मीटिंगमध्ये असता, नाहीतर झोपलेले असता, नाहीतर ट्रॅफिकमध्ये. आणि खरं सांगायचं तर एकट्याचं खाणं बिघडतं ते येत नाही म्हणून नाही, रात्री साडेआठला दमून घरी आल्यावर कडधान्य भिजवलेलं नसतं, शिजवलेलं तर नसतंच, म्हणून मग मॅगी किंवा ऑर्डर. त्या वेळी घरात एखादी शिजलेली गोष्ट तयार असणं, एवढाच याचा फायदा आहे. तो मोठा आहे, पण तेवढाच आहे.

कोणता साइज घेऊ? मला ६ लिटरचा स्वस्तात मिळतोय.

नको! स्लो कुकर साधारण अर्धा ते पाऊण भरलेला असेल तरच नीट शिजवतो. ६ लिटरच्या भांड्यात एकट्याची वाटीभर उसळ तळाला पसरते आणि कडेने करपते, ती करपू नये म्हणून जास्त टाकाल तर आठवडाभर तेच खाल. एकट्याला दीड ते दोन लिटर पुरतो. मटण-चिकन जास्त करत असाल किंवा फ्रीझर मोठा असेल तर साडेतीन, त्याच्या वर जाऊ नका.

मोठा आधीच घरात असेल तर जुगाड आहे. कुकरात आपण डबे लावतो ना तसंच करायचं, मोठ्या भांड्यात दोन बोटं गरम पाणी घालायचं आणि त्यात स्टीलचा डबा नाहीतर काचेचा बाउल ठेवून त्यात एकट्यापुरतं शिजवायचं. वेळ थोडा जास्त लागतो पण करपत नाही, वर भांडं घासावं लागत नाही हा बोनस.

रोज एकच गोष्ट खाऊन कंटाळा नाही येत?

हाच मुख्य प्रश्न आहे, बाकी सगळे याच्या पोटातले. माझा एकच नियम, शिजवणं एकदा, फोडणी दरवेळी वेगळी. स्लो कुकरात मी कधीच पूर्ण भाजी करत नाही, फक्त साधं शिजवून घेते, हळद, हिंग, फार तर आल्याचा तुकडा. मसाला, आंबट, गूळ, खोबरं हे सगळं खायच्या वेळी, छोट्या कढईत, पाच मिनिटांत.

उदाहरण देते. शंभर ग्रॅम म्हणजे एक छोटी वाटी कोरडे हरभरे आधी भिजवायचे, रविवारी रात्री ते कुकरात, बुडून वर दोन बोटं पाणी, लोवर ठेवून झोपायचं. सकाळी एक दाणा अंगठा आणि बोटात धरून दाबायचा, साल न सुटता आत लोण्यासारखा चिरडला पाहिजे, बोटाला कणी लागली तर अजून तासभर. शिजून साधारण सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम होतात, त्याचे तीन भाग. सोमवारी गोडा मसाला, गूळ, ओलं खोबरं घालून उसळ. मंगळवारी काहीच शिजवायचं नाही, कांदा-टोमॅटो-काकडी-कोथिंबीर-लिंबू घालून डब्याला चाट. तिसरा भाग फ्रीझरमध्ये, तो पुढच्या आठवड्यात पालकाबरोबर लसणीच्या फोडणीत जातो. तीन वेळा हरभरेच खाल्ले हे जिभेला कळत पण नाही.

कुळथाचं तर त्याहून भारी. शिजले की वरचं पाणी गाळून घ्यायचं, त्याला जिरं-लसणीची फोडणी आणि निवल्यावर थोडं ताक, झालं कळण. खाली राहिलेल्या दाण्यांची कांदा-खोबऱ्याची उसळ. एका भांड्यात दोन पदार्थ, कोकणातल्या लोकांना हे सांगायची गरज नाही.

राजमा करता येतो का?

थेट स्लो कुकरात टाकून नाही. हे वाचाच.

कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक लेक्टिन, म्हणजे एक प्रकारचं प्रोटीन, असतं, लाल राजम्यात सगळ्यात जास्त, पांढऱ्यात त्यापेक्षा कमी पण असतंच. नीट न शिजलेले चार-पाच दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. खळखळ उकळीत ते नष्ट होतं, पण स्लो कुकर कमी तापला, ८० अंशांवरच रेंगाळला, तर नष्ट होणं राहिलं बाजूला, त्याची तीव्रता कच्च्यापेक्षा कित्येक पट वाढू शकते. दाणा मऊ लागतो म्हणजे तो सुरक्षित आहे असं इथे समजायचं नाही.

करायचाच असेल तर निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात गॅसवर अर्धा तास खळखळ उकळा, मग कुकरात घाला. मी म्हणते एवढा गॅस जाळल्यावर प्रेशर कुकरातच करून टाका ना. हरभरे, मसूर, मूग, चवळी यांची ही भानगड नाही.

माझे हरभरे दहा तासांनी पण कडक राहिले, कुकर खराब आहे का?

बहुतेक नाही. तीन कारणं असतात. एक, टोमॅटो, चिंच, कोकम आधीच घातलं, आंबटाने साल आवळून बसते, म्हणून आंबट नेहमी शेवटी. गुळाचंही तेच, सांगली-कोल्हापूरकडे खपली गव्हाची खीर करणाऱ्या बायका गहू पूर्ण फुटल्याशिवाय गूळ घालत नाहीत ते उगाच नाही. दोन, बोअरचं जड पाणी, तिथे भिजवताना चिमूटभर सोडा घाला, चिमूटभरच. तीन, कडधान्यच जुनं, दुकानातल्या पोत्याच्या तळाचं, त्याला काही इलाज नाही, पिठाच्या गिरणीत द्या.

तरी शंका असेल तर कुकर तपासायला भांडं अर्धं पाण्याने भरून आठ तास लोवर ठेवा आणि झाकण काढल्या काढल्या थर्मामीटर घाला. ८५ अंशांच्या आसपास किंवा वर असेल तर ठीक. त्याहून बरंच खाली असेल तर तो कुकर मांस शिजवायला वापरू नका.

कशाला किती वेळ?

माझ्या छोट्या कुकरचे आकडे, तुमचा थोडा वेगळा निघेल. भिजवलेले हरभरे, काबुली चणे, सुके वाटाणे लोवर सात-आठ तास, हायवर चारेक. चवळी आणि कुळीथ भिजवून लोवर सहा-सात. अख्खा मसूर न भिजवता पाच-सहा. मोड आलेली मटकी यात टाकूच नका, तिचा लगदा होतो, ती कढईत दहा मिनिटांत होते. हाडाचं चिकन लोवर पाच-सहा, मटण सात-आठ. बटाटा, गाजर, सुरण यांना मांसापेक्षा जास्त वेळ लागतो हे ऐकून सगळे चक्रावतात पण तसंच आहे, म्हणून ते बारीक चिरून तळाला आणि कडेला लावायचे.

झाकण उघडून बघत बसू नका! दरवेळी उघडलं की वाफ जाते आणि वीसेक मिनिटं वाढतात. काचेचं आहे ना, बाहेरून बघा.

पाणी किती? माझं सगळं पातळ होतं.

गॅसवरच्या सवयीने घालताय म्हणून. इथे वाफ झाकणाला लागून थेंब थेंब परत खालीच पडते, आटत काहीच नाही. भाजीला जवळपास पाणी नको, मटणाला एक वाटी पुरे, कडधान्याला बुडून वर दोन बोटं. मीठ पण त्यामुळेच शेवटी चाखून घाला. आणि पातळ झालंच तर फेकू नका, त्यात कडधान्यातून, भाजीतून उतरलेलं बरंच काही असतं, त्याचं सार करा, कणीक त्यात भिजवा.

फोडणी कुकरातच देता येईल का?

नाही. पाणी असलेल्या भांड्यात तापमान शंभरच्या वर जात नाही, मोहरी तडतडायला, कांदा लाल व्हायला त्याहून पुष्कळ जास्त लागतं. कच्चा कांदा-लसूण तसाच टाकला तर आठ तासांनी उकडलेला उग्र वास मारत बसतो आणि मग लोक म्हणतात स्लो कुकरचं जेवण पुचाट लागतं. लागणारच.

माझ्याकडे फ्रीझरमध्ये दोन गोष्टी कायम असतात, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि आलं-लसूण-मिरची-कोथिंबीरचं हिरवं वाटण, दोन्ही बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून मग पिशवीत. एका माणसाच्या भाजीला एक-दोन क्यूब. कढल्यात एक चहाचा चमचा तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, एक क्यूब, वर शिजलेलं. परदेशात जिथे फोडणी दिली की स्मोक अलार्म बोंबलतो आणि शेजारी पायऱ्या उतरून खाली जमतात, तिथे शनिवारी खिडक्या उघडून आठवड्याची फोडणी एकदम करून बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवणारे लोक मला माहितेत. त्यात लसूण मात्र नको, तेलात बुडवून ठेवलेला लसूण धोक्याचा, तो ताजाच घाला.

मसाल्यांचं सांगायचं राहिलं. अख्खी लवंग, दालचिनी, मिरी आठ तासांत फार उतरते, नेहमीच्या निम्मी घाला. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, कोथिंबीर उलट, आधी घातलं तर वास उडून जातो.

हे खरंच हेल्दी असतं का, की नुसतं म्हणायचं?

कुकर हेल्दी नसतो, त्यात तुम्ही काय घालता ते असतं. बटर आणि क्रीम घालून आठ तास ठेवलं तरी ते बटर आणि क्रीमच. पण पद्धत मदत करते. तेल फक्त शेवटच्या फोडणीचं, ४०-४५ कॅलरीचं. मीठ तुमच्या हातात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, सगळं मिळून एक सपाट चहाचा चमचा, बाहेरच्या एका जेवणात त्यातलं किती जात असेल त्याचा तुम्हीच अंदाज करा.

एकट्या माणसाचं बहुतेक वेळा प्रोटीन कमी पडतं, कारण पोळी-भाजी किंवा भातावर भागवलं जातं. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम लागतं, ६० किलोला ५० ग्रॅम धरा. शंभर ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात १९ ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे वर सांगितलेली वाटी तीन दिवस पुरवली तर दिवसाला सहाच ग्रॅम, नुसत्या उसळीने भागणार नाही, बरोबर दही, अंडं, डाळ, पनीर काहीतरी हवंच.

उणी बाजू पण आहे. क जीवनसत्त्व इतका वेळ तापून टिकत नाही. म्हणून वरून लिंबू पिळा आणि ताटात काहीतरी कच्चं घ्या, गाजर-काकडीची कोशिंबीर, मुळा, काहीही. आणि मऊ मऊ खाऊन दातांना पण काम लागत नाही, कोशिंबिरीने ते मिळतं. डायबेटिस किंवा किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा, माझ्या अंदाजावर जाऊ नका.

नॉनव्हेजसाठी कसा आहे?

मटणासाठी याच्यासारखं काही नाही. पण रस्सा थेट यात करू नका, अळणी करा, म्हणजे बिनमसाल्याचं शिजवलेलं मटण आणि त्याचं पाणी. पाव किलो मटण, शक्यतो नळी आणि खांद्याचं, आलं-लसूण वाटण, हळद, मीठ, एक वाटी गरम पाणी, लोवर आठ तास. मटण हाडापासून सुटून येतं. मग कोल्हापुरी लोक करतात तसंच, त्या अळणीतून पुढचं सगळं निघतं, एका दिवशी कांदा-लसूण मसाल्यात सुक्कं, दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात नारळाचं दूध आणि तिळाचं वाटण घालून वाटीभर पांढरा रस्सा, आणि मधेच सर्दी झाली तर नुसतं मिरपूड घालून प्यायला.

अळणी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली की सकाळी वर चरबीचा पांढरा घट्ट थर येतो, पापडासारखा, चमच्याने एका बाजूने उचकटला की अख्खा निघतो. तो काढायचा, खाली थरथरणारी जेली राहते, ती ठेवायची. थोडी चरबी राहू दिली तरी चालतं, मटण शेवटी मटण आहे.

चिकन घ्याल तर मांडीचं, हाडासकट. बोनलेस छातीचा भुगा होतो. मासे यात नकोतच, सुरमईचं काय होईल त्याची कल्पना करवत नाही. आणि फ्रीझरमधून काढलेलं गोठलेलं मांस सरळ कुकरात कधीच टाकू नका, आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढून ठेवा. गोठलेलं मांस तापायला फार वेळ घेतं, ४ ते ६० अंशांच्या मधे तासन्‌तास राहतं आणि जंतूंना तेच हवं असतं.

सकाळच्या नाश्त्याला काही होतं का?

ज्वारीच्या कण्या! अर्धी वाटी कण्या, तीन वाट्या पाणी, मीठ, रात्री लोवर. सकाळी घट्टसर पेज तयार, जरा निवली की ताक, वर जिरं-मिरचीची फोडणी. हाच हिशोब नाचणीच्या भरडीला, गव्हाच्या दलियाला. ओट्सचं वेड असेल तर स्टील-कट घ्या, चपटे ओट्स रात्रभरात खळ होतात, पोस्टर चिकटवता येईल इतकी. एवढंसं शिजवायचं असेल तेव्हा ते वर सांगितलेलं डब्यातलं तंत्रच वापरा, नाहीतर कडेने पापुद्रा धरतो.

दूध रात्रभर नको, फाटतं. दूध, दही, नारळाचं दूध, सगळं शेवटी.

दही लागतं का यात?

थंड देशात राहणाऱ्यांसाठी बेस्ट. दूध नेहमीसारखं उकळून कोमट करा, करंगळी बुडवून दहा मोजता येतील इतपत, ४३-४५ अंश. विरजण घाला, भांडं कोमट झालेल्या बंद कुकरात ठेवा, वर जाड टॉवेल. कुकर बंदच ठेवायचा, वॉर्मवर पण नको, विरजण मरतं. पुण्यात मे महिन्यात याची काय गरज, ओट्यावरच लागतं.

पालेभाजी?

मेथी-पालक आठ तासांनी काळपट चिखल होतो. शिजलेल्या डाळीत शेवटच्या दहा मिनिटांत टाका. अपवाद अळू, त्याचं फतफतं मुळातच घोटलेलं असतं. हरभरा डाळ आणि शेंगदाणे आधी शिजू द्यायचे, ते मऊ झाले की अळू आणि चिंच एकत्र घालून हायवर दीड-दोन तास, मग घोटून फोडणी. चिंचेत कंजुषी करू नका, घसा खवखवेल.

लाइट गेली तर?

पुण्यात गुरुवारी देखभाल-दुरुस्तीसाठी लाइट जाऊ शकते, गावाकडे तर विचारायलाच नको, त्यामुळे हा प्रश्न अमेरिकन पुस्तकांत दोन ओळींत संपतो पण आपल्याकडे महत्त्वाचा आहे. तुम्ही घरी असाल तर लगेच गॅसवर हलवा आणि शिजवून टाका, पण पातेल्यात काढून, चिनी मातीचं भांडं गॅसवर ठेवायचं नाही. पूर्ण शिजल्यावर लाइट गेली असेल तर झाकण न उघडता दोनेक तास चालतं. तुम्ही बाहेर होता, घरी आलात आणि मायक्रोवेव्हचं घड्याळ शून्यावर लुकलुकतंय, किती वेळ गेली होती माहिती नाही, तर टाकून द्या, शिजलेलं दिसलं तरी. मटण असेल तर जीवावर येतं, कळतं मला.

म्हणूनच विकत घेताना डिजिटलपेक्षा साधा फिरवायच्या बटणाचा घ्या. लाइट आली की तो आपोआप पुढे चालू होतो, डिजिटल बरेच वेळा बंदच राहतो. मात्र त्यामुळेच लाइट गेल्याचं कळत पण नाही, म्हणून मी शेजारी जुनं विजेवरचं घड्याळ लावून ठेवलंय. छोटा कुकर शे-सव्वाशे वॉटचा असतो, इन्व्हर्टरवर सहज चालतो, हा सगळ्यात सोपा उपाय.

वीज किती खातो?

१२० वॉटचा आठ तास पूर्ण क्षमतेने चालला तरी १ युनिटच्या आतच. बिल वाचेल म्हणून घेऊ नका, प्रेशर कुकर त्यात जिंकतो, पण बिल वाढेल म्हणून घाबरू पण नका. साध्या ६ अँपियरच्या प्लगला चालतो.

अमेरिकेतला कुकर इकडे आणू का? परत येतोय, नवा आहे.

तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. सरळ लावलात तर पहिल्याच दिवशी जळेल. ट्रान्सफॉर्मर लावून चालतो पण तो वजनदार डबा ओट्यावर कुठे ठेवणार, त्यापेक्षा मित्राला देऊन या. इंग्लंड-युरोपमधला असेल तर फक्त प्लग बदलायचा.

इन्स्टंट पॉटमध्ये स्लो कुक बटण आहे, तेच पुरेल ना?

इन्स्टंट पॉट म्हणजे विजेवरचा प्रेशर कुकर. घरात असेल तर आधी तेच वापरून बघा, नवं घेऊ नका. फक्त ते भांडं खालूनच तापतं आणि पुष्कळांचा अनुभव असा की त्याचा लो फारच कोमट असतो, त्यामुळे कडधान्याला त्यातलं वरचं सेटिंग ठेवा आणि शक्य तर पाणी उकळतंच घाला.

सकाळी सगळं भरून टायमरने दुपारी चालू केलं तर?

मांस असेल तर नको, कडधान्य भिजून तसंच राहिलं तर उन्हाळ्यात आंबतं. नागपूर-अकोल्याकडच्यांनी तर मे महिन्यात विचारही करू नका. त्यापेक्षा सकाळीच चालू करा, शिजल्यावर तासाभरासाठी वॉर्मवर जाणारा कुकर असेल तर उत्तम.

उरलेलं किती दिवस टिकतं? भांड्यासकट फ्रीजमध्ये ठेवू का?

भांड्यासकट नको, ते जाड भांडं आतून तासन्‌तास निवत नाही. पसरट डब्यात काढा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. तीन-चार दिवस चांगलं राहतं, त्यापुढचं लागणार असेल तर पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका, चौथ्या दिवशी वास घेऊन निर्णय घेण्यापेक्षा ते बरं. डब्यावर तारीख लिहा, फ्रीझरमधले चवळी आणि छोले दोन आठवड्यांनी सारखेच दिसतात. परत गरम करायचं ते गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये, वाफा येईपर्यंत. स्लो कुकरात गार अन्न गरम करू नका, फार वेळ लागतो त्याला.

घासायचा कसा? तळाला पिवळा डाग पडलाय.

हळदीचा आहे तो, राहू द्या. करपलेलं असेल तर गरम पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून तासभर लोवर ठेवा, मग नायलॉनच्या घासणीने निघतं, तारेची नको. गरम भांड्यावर गार पाणी ओतू नका, तडा जातो, आणि तडा गेलेलं भांडं परत वापरायचं नाही. बाहेरचं कवच नळाखाली धरायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, प्लग काढून. कामाला मावशी येत असतील तर हे त्यांना आधी सांगून ठेवा.